गुलामगिरीच्या काळातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कादंबऱ्या: वाचाव्यात का, आणि कुठून सुरू कराव्यात?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या गुलामगिरीवरच्या, चार-सात पिढ्या चालणाऱ्या कादंबऱ्या वाचकांना खरंच आवडतात, की त्यात नुसतं दुःख खपवलेलं असतं. सोबत हेही लिहिलंय की याआ ग्यासी यांची ‘होमगोइंग’ तुम्ही चौथ्या प्रकरणात सोडून दिलीत, कारण “माणसात जीव गुंतायला लागला की तो माणूसच गायब”.

आमच्या डोंबिवलीतल्या वाचनकट्ट्यावर शब्दशः हीच तक्रार झाली होती. आम्ही सात-आठ जण महिन्याच्या एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो, पोहे खातो आणि पुस्तकावरून भांडतो. या जातीच्या तीन कादंबऱ्यांवर आमचे तीन रविवार गेले. एकमत एकदाही झालं नाही. त्यामुळे पुढे लिहिलंय ते माझं मत, कट्ट्याचं नव्हे.

आधी तुम्ही सोडलेल्या पुस्तकाबद्दल. 18व्या शतकात, आजच्या घानाच्या किनाऱ्यावर, दोन सावत्र बहिणी. एकीचं लग्न केप कोस्टच्या किल्ल्यावरच्या इंग्रज अधिकाऱ्याशी होतं आणि ती वरच्या हवेशीर खोल्यांत राहते. दुसरी त्याच किल्ल्याच्या तळघरात, जहाजाची वाट बघणाऱ्या बायकांच्या ढिगात. दोघी एकमेकींना कधीच भेटत नाहीत. तिथून पुढे एक प्रकरण घानातल्या शाखेचं, एक अमेरिकेतल्या शाखेचं, असं करत सात पिढ्या आणि 14 प्रकरणं. प्रत्येक प्रकरणाला एकच माणूस. तो पुन्हा दिसला तर दिसला. (किल्ला खरा आहे, आजही उभा आहे. पुरुषांच्या तळघराच्या बरोबर डोक्यावर प्रार्थनाघर बांधलेलं होतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते.)

आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका वाचता वाचता एका लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर या घराण्याची वंशावळ काढत होत्या. पुस्तकाच्या सुरुवातीला ती छापलेली आहे, पण त्या फोनवर वाचत होत्या आणि तिथे ती मुंगीएवढी दिसत होती. डावीकडची घानाची बाजू त्यांनी सरळ रेघांनी भरली. उजवीकडे, अमेरिकेच्या बाजूला, दोन नावांमधल्या काही रेघा तुटक काढल्या होत्या. कुणीतरी विचारलं, या तुटक का? तर म्हणाल्या, “हा तिचा मुलगा आहे हे तुला-मला माहीत आहे. त्याला कुठे माहीत आहे?”

माझ्यासाठी त्या दिवशी पुस्तक उलगडलं.

आता थोडं कथानक फोडते, माफ करा. तुम्ही सोडलंत त्याच्या थोडं पुढे बाल्टिमोरमधलं एक जोडपं येतं. सात मुलं, नावं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने ठेवलेली, ए पासून जी पर्यंत. आठवं पोटात आहे, आणि लाडाने त्याला नुसतं ‘एच’ म्हणतात. 1850 साली पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कायदा होतो, आणि एक दिवस ती गरोदर बाई घरी परतत नाही. पुढे एका प्रकरणाचं नावच ‘एच’ आहे. आडदांड माणूस, अलाबामातली कोळशाची खाण, पायात कैद्याची बेडी. त्याला ना आई ठाऊक, ना बाप, ना सात भावंडं. नाव म्हणजे एक अक्षर, आणि त्या अक्षराआधीची सात अक्षरं कुठे गेली हे जगात फक्त वाचकाला माहीत. तुम्हाला जो राग येतोय ना, की माणूस हातातून निसटला, तो राग लेखिकेने मुद्दाम तुमच्या पदरात टाकलाय. त्या घरातल्या माणसांना तर तो रागही करता आला नाही, कारण काय निसटलं तेच त्यांना ठाऊक नव्हतं.

आपल्याकडे घराण्याची कादंबरी म्हटलं की वाडा, देवघर, पणजोबांची पगडी आणि भाऊबंदकी. म्हणजे कागद शिल्लक असलेलं घर. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्र्यंबकेश्वरला गेलो तेव्हा तिथल्या उपाध्यांनी आडनाव आणि गाव विचारलं, लांबट वही काढली, आणि चहा गार व्हायच्या आत माझ्या सासरच्या पाच पिढ्या वाचून दाखवल्या. सगळे पुरुष, ही गोष्ट वेगळी. पण नावं होती. अमेरिकेत गुलाम असलेल्यांच्या वंशजांनी मागे जायचं म्हटलं तर बहुतेकांची वाट 1870 च्या जनगणनेपाशी अडते. त्या वर्षी पहिल्यांदा या सगळ्यांची नावं लिहिली गेली. त्याआधीच्या 1850 आणि 1860 च्या गुलामांच्या याद्यांत नाव असतं मालकाचं, आणि त्याखाली नुसते रकाने: वय 30, स्त्री, काळी. वय 8, पुरुष, मिश्र. 1860 मध्ये असे जवळजवळ 40 लाख लोक होते.

आणखी एक गोष्ट. व्हर्जिनियाने 1662 मध्ये कायदा केला की मूल आईच्या दर्जाचं. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणी का असेना. मालकाने स्वतःच्याच गुलाम बाईवर जबरदस्ती केली तर त्यातून होणारं मूल कायद्याने त्याचा मुलगा नव्हे, मालमत्ता. म्हणून या कादंबऱ्यांत वंश आईकडून चालतो. एखाद्याला वाटेल वा, स्त्रीवादी रचना! तसं नाही हो. तो हिशोबाचा भाग होता.

1808 पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी आली, पण देशातला बाजार उलट फोफावला. व्हर्जिनिया-मेरीलँडसारख्या जुन्या राज्यांतून सुमारे 10 लाख लोक दक्षिणेकडे, कापसाच्या नव्या मुलखात नेले गेले, कित्येक जण घरच्यांपासून तोडून. यादवी युद्ध संपून सुटका झाल्यावर हेच लोक वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत जाहिराती देत होते: माझी आई अमुक मालकाकडे होती, भावाला तमुक साली विकलं, कुणाला ठावठिकाणा कळल्यास कळवावे. न्यू ऑर्लिन्सच्या एका चर्चच्या साप्ताहिकात यासाठी ‘हरवलेले आप्त’ अशा अर्थाचं सदरच होतं. एका जाहिरातीला 50 सेंट, आणि पाद्र्यांना विनंती की रविवारी हा मजकूर व्यासपीठावरून वाचून दाखवावा. म्हणून मला या कादंबऱ्या त्या उपाध्यांच्या वहीची जागा घेणाऱ्या वाटतात. फरक इतकाच की इथली वही कल्पनेने लिहावी लागली आहे.

आणि इथेच ‘रूट्स’चं भांडण सुरू होतं. ॲलेक्स हेली यांचं हे पुस्तक 1976 चं. 1977 च्या जानेवारीत सलग आठ रात्री त्याची मालिका दाखवली आणि अर्धी अमेरिका दूरचित्रवाणीसमोर बसली. गॅम्बियातल्या जुफुरे गावचा कुंटा किंटे ढोलासाठी लाकूड शोधायला जातो आणि पकडला जातो. चार वेळा पळतो, तेव्हा त्याचं अर्धं पाऊल तोडतात. त्याची मुलगी किझी सोळा वर्षांची असताना विकली जाते, कारण तिने एका मुलाला पळण्यासाठी खोटा परवाना लिहून दिला. म्हणजे गुन्हा काय, तर लिहिता येत होतं. ते पान वाचताना सावित्रीबाई आठवल्याशिवाय राहत नाहीत.

हेलींचा दावा होता की ही त्यांच्याच घराची खरी हकीकत आहे, टेनेसीतल्या हेनिंग गावात आजीच्या ओसरीवर ऐकलेली. नंतर संशोधकांनी कागद तपासले. ज्या ‘टोबी’ नावाच्या गुलामाला त्यांनी कुंटा ठरवलं, तो कुंटाचं जहाज येण्याच्या वर्षाच्या, म्हणजे 1767 च्या, आधीपासूनच व्हर्जिनियात नोंदलेला निघाला. जुफुरेमध्ये ज्याने वंशकथा सांगितली त्याच्या साक्षीवरही प्रश्न उभे राहिले. शिवाय 1978 मध्ये दुसऱ्या एका कादंबरीतले उतारे वापरल्याचा खटला साडेसहा लाख डॉलर देऊन मिटवावा लागला. आमच्यातल्या एका वकील गृहस्थांनी हे ऐकल्यावर पुस्तक टेबलावर आपटलं, “मग हे खोटंच की!” खोटं नाही, कादंबरी आहे. पण त्यांचा राग मला रास्त वाटतो. ज्यांचे कागद नष्ट झालेत त्यांना ‘हे घ्या, सापडले कागद’ म्हणून कल्पना हातात दिली, तर नंतर दुखतंच. कादंबरी म्हणून विचाराल तर गॅम्बियातलं बालपण आणि जहाज हा भाग फार ताकदीचा, किझीचा भाग हृदय पिळवटणारा, आणि त्यानंतर कोंबड्यांच्या झुंजींची इतकी पानं आहेत की मी सरळ उडवली.

याउलट लालिता टेडमी यांची ‘केन रिव्हर’ (2001). टेडमीबाई एका बड्या संगणक कंपनीत उपाध्यक्ष होत्या. ती नोकरी सोडून त्या लुइझियानातल्या स्वतःच्या पूर्वजांच्या मागे लागल्या. एलिझाबेथ, सुझेट, फिलोमीन, एमिली: चार पिढ्या, चारही बायका, एकच नदीकाठ. पुस्तकात मधेमधे खरे दस्तऐवज आणि घरातले फोटो आहेत. गोष्ट वाचता वाचता पान उलटावं तर समोर विक्रीचा कागद. मालक वारल्यावर इस्टेट वाटली जाते आणि आई एकीकडे, लेक दुसरीकडे, हे ज्या शांतपणे लिहिलंय त्यापुढे चाबकाची वर्णनं फिकी पडतात. आणि एक अवघड गोष्ट टेडमी लपवत नाहीत: या घराला गोऱ्या रंगाची ओढ लागलेली आहे. दर पिढीत वर्ण उजळत जातो आणि घरातले त्याचा अभिमान धरतात. आमच्या कट्ट्यावर इथे जरा शांतता पसरली. ‘गोरी, सुस्वरूप’ अशी जाहिरात कुणाकुणाच्या घरून गेली होती, ते ज्याचं त्याला माहीत.

दुःख खपवणाऱ्या कादंबऱ्या आहेत का? आहेतच. माझी ओळखायची खूण साधी आहे: वंशावळ कुणाची आहे ते बघा. मालकाच्या घराच्या तीन पिढ्या, त्यांची लग्नं, त्यांचे बॉल-डान्स, आणि गुलाम बाई मात्र सगळ्यांची ‘मॅमी’, तिला स्वतःचं नाव नाही, पोरंबाळं नाहीत. 1936 ची ‘गॉन विथ द विंड’ कितीही रंगून वाचली असली तरी (मीही कॉलेजात रडले आहे) ती त्या जातीची आहे.

“पण हे सगळं अमेरिकेचं, आपल्याला काय त्याचं?” असंही एकाने विचारलं. जोतीराव फुल्यांना हा प्रश्न पडला नव्हता. 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा ती त्यांनी अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. आणि पेशवाईत कुणबिणी, म्हणजे गुलाम दासी, विकत घेतल्या-दिल्या जात, हे तर आपल्याच दफ्तरांत आहे. त्यांच्या पोटच्या पोरांची नावं कुठल्या उपाध्यांच्या वहीत सापडतील?

तर क्रम. तुमच्यासारख्या, माणसात गुंतणाऱ्या वाचकाने ‘केन रिव्हर’पासून सुरुवात करावी. चारच बायका आहेत आणि त्या लवकर सोडून जात नाहीत. मग ‘होमगोइंग’ परत पहिल्यापासून, पण कागद-पेन घेऊन, आणि एका बैठकीत दोनच प्रकरणं: एक घानाचं, एक अमेरिकेचं. ‘रूट्स’ सगळ्यात शेवटी, तेही कादंबरी म्हणून. तिन्ही इंग्रजीतच वाचल्या आम्ही. ‘केन रिव्हर’ची भाषा सगळ्यात सोपी आहे. रात्री झोपताना यातलं काही वाचू नका, मी केलाय तो प्रयोग.

माझी ‘केन रिव्हर’ सध्या त्या वकील गृहस्थांकडे आहे. एवढे कागद छापलेलं पुस्तक बघून त्यांनीच मागून नेली, आणि परवा फोन करून विचारत होते, फिलोमीन युद्धानंतर सगळ्यांना एका ठिकाणी गोळा करते का? मी म्हटलं, वाचा की.