सहा वर्षांच्या गॅपचं काय सांगू?

"मॅडम, सहा वर्षं काय करत होतास असं विचारलं तर काय सांगू?" स्पर्धा परीक्षेतून बाहेर पडून नोकरी शोधणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांच्या आसपास समुपदेशन करणाऱ्या कुणालाही तो पाठ झालेला असेल. अशाच एका मुलाबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय ३१, बी.एस्सी. ॲग्री, जत तालुक्यातला, खुला प्रवर्ग. एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा दोनदा दिली होती, त्यात एकदा मुलाखतीपर्यंत जाऊन थोडक्यात हुकला. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, वैकल्पिक विषयाचे दोन पेपर वाढले. म्हणजे पाटी कोरी करून बसायचं. "तेवढी ताकद राहिली नाही," तो म्हणाला, "आणि सोडायचं म्हटलं तर गावाला कुठल्या तोंडानं जाऊ?"

त्याच्या मोबाइलवर एका एजंटचे मेसेज होते. पंधरा हजारांत तीन वर्षांचं अनुभव प्रमाणपत्र मिळणार होतं, पगाराच्या स्लिपांसकट. पैसे अजून दिले नव्हते, हे नशीब. पहिल्या भेटीतला बराच वेळ मी यावरच घालवला. मोठ्या कंपन्या उमेदवाराची पार्श्वभूमी तपासून घेतात. पीएफच्या यूएएन क्रमांकाखाली माणूस कुठे, कधी रुजू झाला आणि कधी सोडून गेला याची नोंद असते. तिथे काही नाही, बँक खात्यात पगार जमा झालेला नाही, पगारावरच्या कराचा फॉर्म १६ नाही, मग ती तीन वर्षं आली कुठून? रुजू झाल्यावर हे उघडं पडलं तर नोकरी जाते. गॅप असलेल्या मुलाला नोकरी देणारे भेटतात, खोटा कागद दिलेल्याला दुसऱ्यांदा कुणी दारात उभं करत नाही.

बायोडेटात आम्ही ती वर्षं एका ओळीत लिहिली: राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, मुख्य परीक्षा दोनदा, मुलाखत एकदा. त्याखाली दोन गोष्टी आल्या, ज्या तो सांगायलाही तयार नव्हता. अभ्यासिकेतल्या नव्या मुलांना तो कृषीचा भाग शिकवायचा, आणि घरच्या डाळिंबाचा फवारणीपासून विक्रीच्या पट्टीपर्यंतचा हिशेब त्याच्याकडे असायचा. "ते काय, घरचंच आहे," म्हणाला. घरचं असलं तरी ते काम आहे.

तोंडी उत्तराचा सराव मात्र पुन्हा पुन्हा करावा लागला. ही मुलं मुलाखतीत लोकसेवा आयोगाची कहाणी सांगत बसतात: जाहिरात लांबली, तारीख पुढे गेली, कोणीतरी कोर्टात गेलं. सगळं खरं असतं. पण समोरच्याला त्यात रस नसतो. त्याच्या मनात एकच शंका असते, की पुढची जाहिरात आली की हा गडी पुन्हा पुण्याला पळणार का? गॅपबद्दलच्या प्रश्नाच्या पोटात हा प्रश्न असतो. आणि त्याचं उत्तर पाठ करून देता येत नाही, आधी स्वतःशी ठरवावं लागतं.

ते ठरवायला मी त्याला कागदावर वयाच्या अटी मांडायला लावल्या. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाची मर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३. हा आकडा दिलासा देतो आणि त्यातच मुलं अडकतात, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण बाकीची दारं त्याच्या कितीतरी आधी बंद होतात. खुल्या प्रवर्गासाठी यूपीएससी ३२, बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षेतलं पीओ म्हणजे अधिकारीपद ३०, लिपिक २८, नाबार्ड या शेती-ग्रामीण विकासाच्या बँकेतलं ग्रेड ए अधिकारीपद ३०. बँकांतल्या कृषी अधिकारी पदालाही ३०, आणि ती परीक्षा तर कृषी पदवीधरांसाठीच असते. त्याने ती कधी दिलीच नव्हती. नजर ३८ वर होती, तिशी कधी ओलांडली ते कळलं नाही. तो कागदाकडे बघत गप्प बसला. आता पंचविशी-सव्विशीतलं कोणी आलं की मी हा तक्ता पहिल्याच दिवशी करून घेते.

मग उरलं काय? लगेच अर्ज धाडायला मी त्याला मनाई केली. आधी तीन ठिकाणी जाऊन काम बघून ये, म्हटलं. ठिबकच्या कंपनीतल्या फील्डवरच्या मित्राबरोबर तो काही दिवस फिरला आणि टार्गेटचं ओझं आपल्याला झेपणारं नाही हे त्याला कळलं. एका कृषी सेवा केंद्रवाल्याने वेगळाच प्रस्ताव ठेवला: कीटकनाशकांच्या परवान्यासाठी तुझी पदवी लाव, वर्षाला रक्कम घे, दुकानात यायची गरज नाही. हे सर्रास चालतं म्हणतात. चालो. उद्या त्या दुकानातल्या औषधाने कुणाची बाग जळाली तर कागदावर नाव कुणाचं असणार, एवढंच मी विचारलं.

तिसरी होती तालुक्याजवळची एक शेतकरी उत्पादक कंपनी (एफपीओ), म्हणजे शेतकऱ्यांनीच मिळून काढलेली कंपनी. केंद्राच्या २०२० च्या दहा हजार एफपीओंच्या योजनेत अशा कंपन्यांना सुरुवातीच्या तीन वर्षांत व्यवस्थापकाच्या पगारासाठी महिना २५,००० रुपयांपर्यंत मदत धरलेली आहे. आधी त्याने नाक मुरडलं. पण तिथे गेल्यावर अध्यक्षांनी सहज एक शासन निर्णय पुढ्यात टाकला. याने तो वाचून पात्रता, अनुदान, लागणारे कागद आणि अर्ज कुठल्या टेबलावर अडेल, हे सगळं तिथल्या तिथे सांगितलं. सहा वर्षं त्याने दुसरं केलं काय होतं! संचालकांपैकी हे कुणालाच जमत नव्हतं.

जाहिरात आली तर जाणार का, हे अध्यक्षांनी विचारलंच. "दोन वर्षं नाही जाणार. पुढचं आज सांगितलं तर ते खोटं होईल," असं तो म्हणाला. हे वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. महिना बावीस हजारांवर ठेवून घेतलं.

आईला खरं काय ते माहीत आहे. आबांना मात्र त्याने 'ट्रेनिंग आहे' असं सांगून ठेवलंय, आणि आबा पारावर तेच सांगत फिरतात. पुढच्या भेटीत तो आबांना सोबत घेऊन येणार आहे.