शिक्षणावरचा खर्च वाढला की घटला, आणि साध्या घरातली मुलगी युनिव्हर्सिटीपर्यंत पोहोचेल का?

तुम्ही विचारलंय, सरकार म्हणतं शिक्षणावरचा पैसा वाढवला, विरोधक म्हणतात कमी केला, यात खरं कोण? आणि बडोद्यात नववीत शिकणारी तुमची भाची पुढे एम. एस. (महाराजा सयाजीराव) युनिव्हर्सिटीत जाऊ शकेल का? मी बत्तीस वर्षं बडोद्यात मराठी माध्यमाच्या प्राथमिक वर्गांना शिकवलंय, त्या अनुभवावरून लिहिते.

पैशाचं आधी सांगते. दोन्ही बाजू आपापल्या आकड्यापुरत्या खऱ्या असतात. केंद्राच्या आर्थिक पाहणीत २०२२-२३ साठी शिक्षणावरचा खर्च देशाच्या उत्पन्नाच्या २.९ टक्के दिलाय. शिक्षण मंत्रालय इतर खात्यांनी शिक्षण-प्रशिक्षणावर केलेला खर्चही त्यात धरतं, मग आकडा चारच्या वर जातो. शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाने १९६६ साली ६ टक्के सांगितले होते. १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही शिक्षण धोरणांनी तेच सांगितलं, पण तिथवर आपण कधी पोहोचलोच नाही. तेव्हा विधानसभेत कुणी टक्केवारी वाचून दाखवली की एवढंच विचारा, यात काय काय धरलंय?

पण माझ्या मते खरा प्रश्न टक्क्यांचा नाही. वर्गात उभा असलेला शिक्षक पुढच्या वर्षी त्याच शाळेत असणार आहे का, हा आहे.

गुजरातेत २०२३ साली 'ज्ञान सहायक' ही कंत्राटी शिक्षकांची योजना आली. अकरा महिन्यांचा करार, आणि सुरुवातीला प्राथमिकसाठी महिना २१ हजार. त्या मुलामुलींना मी नावं ठेवत नाही, टेट-टाट या शिक्षक पात्रता परीक्षा पास होऊन आलेली शिकलेली पोरं आहेत. पण करार संपायला आला की त्यांचं निम्मं लक्ष पुढच्या कराराकडे लागतं, आणि ते साहजिकच आहे. माझ्या नोकरीच्या काळात एकदा आमच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला एका वर्षात तीन शिक्षक बदलले होते. तिसरीत ती मुलं माझ्याकडे आली तेव्हा जोडाक्षर दिसलं की थांबायची. मराठी माध्यमाचं पाठ्यपुस्तक वेळेवर, फुकट, हातात आलेलं होतं. हजेरीपत्रक भरलेलं होतं. कागदावर कुठेच काही कमी नव्हतं. त्या मुलांना वाचती करायला मला दिवाळीच्या सुट्टीनंतरचे चार महिने लागले, आणि तेही मी तिसरीत आणि चौथीत त्यांच्याबरोबरच राहिले म्हणून जमलं.

नुसत्या पुस्तक-हजेरीने भागत नाही, हे बडोद्याला नवीन नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली संस्थानातल्या अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ साली सगळ्या संस्थानाला लागू केलं. मुलगे सात ते बारा, मुली सात ते दहा. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड. पुढे १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असंच विधेयक मांडलं, ते १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. म्हणजे आपण त्या बाबतीत पुढे होतो. पण महाराजांच्या लक्षात आलं की शाळा सोडली की पोरं वाचायचं विसरतात. म्हणून १९१० साली अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथालयतज्ज्ञ बोलावले आणि गावोगाव वाचनालयं काढली. गावाने जितके पैसे जमवायचे तितकेच प्रांत पंचायतीने आणि तितकेच सरकारने घालायचे. ही तिसऱ्या वाट्याची रीत मला फार आवडते. मूल नुसतं दाराच्या आत आणून भागत नाही, हे त्या राज्यकर्त्याला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं.

आज दाराच्या आत आणायचं काम बऱ्यापैकी झालंय, हे मी मोकळ्या मनाने मान्य करते. प्रवेशोत्सवाच्या दिवशी पहिलीच्या पोरांच्या कपाळाला कुंकू लावताना मीही हरखून गेलेय. मुलींसाठी २०२४ पासून 'नमो लक्ष्मी' आहे, नववी ते बारावी मिळून ५० हजार रुपये. तुमच्या भाचीची शाळा त्यात बसत असेल तर वर्गशिक्षकांना विचारा, हजेरी ८० टक्के लागते. मला खटकतं ते एवढंच की मुलीच्या हजेरीला अट आहे, पण तिच्या गणिताच्या शिक्षकाची जागा वर्षभर भरलेली असलीच पाहिजे अशी अट कुणावर नाही. ती जागा रिकामी राहिली की घरची माणसं ट्यूशन लावतात, आणि हातात आलेले पैसे तिकडेच जातात.

आता युनिव्हर्सिटी. १८८१ चं बडोदा कॉलेज, त्यातून १९४९ साली एम. एस. युनिव्हर्सिटी, पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत बारावी झालं की 'फॅकल्टी कुठली' एवढंच विचारायचे, मिळेल का असं कुणी विचारत नसे. २०२३ च्या कायद्याने राज्यातली सरकारी विद्यापीठं एका चौकटीत आली, विद्यापीठाचा कारभार पाहणाऱ्या सिनेट-सिंडिकेट या मंडळांच्या निवडणुका गेल्या. २०२४ पासून प्रवेशाचा अर्ज राज्याच्या 'जीकॅस' या एकाच पोर्टलवर करायचा. त्याच वर्षी कॉमर्सला बडोद्याच्याच मुलांना प्रवेश मिळेना, मुलं आंदोलनाला उतरली आणि मग जागा वाढवाव्या लागल्या. एक अर्ज, एक पोर्टल याला माझा विरोध नाही. बाहेरगावच्या हुशार पोराचाही इथे हक्क आहे. पण शहराच्या पोरांसाठी जागा किती हे परीक्षेच्या आधी जाहीर व्हायला हवं. निकालानंतर मोर्चा काढून जागा मिळत असतील, तर ज्याला मोर्चात जाता येत नाही, कामाला जावं लागतं, त्याने काय करायचं?

आणखी एक अडचण आमच्या मराठी मुलांची खास आहे. प्राथमिक मराठीत, पुढे बहुतेक जण गुजराती शाळेत जातात, आणि युनिव्हर्सिटीत सगळं इंग्रजीत. दोनदा भाषा बदलते. माझ्या वर्गातली एक फरसाणवाल्यांची मुलगी बी.कॉम.ला पोहोचली, पण पहिल्या वर्षी अकाउंट्स समजत असून तिला उत्तरं लिहिता येत नव्हती. तिने सहा महिने रोज मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत बसून इंग्रजी पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं वहीत उतरवली. होय, महाराजांचीच लायब्ररी.

तेव्हा भाची जाऊ शकेल, नक्की जाऊ शकेल. नववीतच इंग्रजीतलं लिखाण सुरू करा, बोलणं नंतर येतं. शाळेच्या पालकसभेला आईवडिलांना पाठवा आणि गणित-विज्ञानाला कायम शिक्षक आहे का, नसेल तर जागा कधीपासून रिकामी आहे, हे लेखी विचारायला सांगा. शाळेच्या समितीच्या नोंदवहीत तो प्रश्न उतरवून घ्यायलाही सांगा. मी नोकरीत असताना आमच्याकडची एक जागा अशीच भरली गेली, तीन बैठका लागल्या.