सेल्फ मारण्याआधी चेंबर उतरव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. आजोबांची 1976 सालची प्रीमियर पद्मिनी तू स्वतःच्या हातांनी चालू करायची ठरवलीस, याचा मला फार आनंद झाला. मात्र ‘नवी बॅटरी आणून रविवारी सेल्फ मारून बघतो’ असे लिहिले आहेस, ते कृपा करून करू नकोस. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा गावभागातल्या तुमच्या अंगणात पाणी बॉनेटपर्यंत चढले होते आणि त्यानंतर इंजिन कोणी उघडलेले नाही, असे तूच कळवले आहेस. नुसते उभे राहिलेले इंजिन आणि पुरात बुडालेले इंजिन यांची कामे वेगळी असतात.

2005 च्या पुरानंतर एका गृहस्थांच्या गाडीवर मी स्वतः ही चूक केली आहे. जुने ऑइल काढून दोनदा फ्लश केले आणि इंजिन सुरू केले. ते सुरेख चालले, पण आठवडाभरात खालून ठोके येऊ लागले. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे ऑइलचे भांडे, उतरवले तर तळाशी बोटभर मळी बसलेली होती आणि त्यातली बारीक रेती ऑइलबरोबर थेट बेअरिंगांपर्यंत गेली होती. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा, घासून त्याच्या कमी झालेल्या मापाची (अंडरसाइझ) बेअरिंगे बसवावी लागली. खर्च मी सोसला, परंतु त्या गृहस्थांच्या गाडीचा मूळ मापाचा क्रँक गेला तो गेलाच.

म्हणून आधी ड्रेन नट अगदी सावकाश सैल कर. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी असते आणि पहिल्यांदा तेच बाहेर येते. किती आले ते बाटलीत धरून ठेव. मग चेंबर उतरवून ऑइल पंपाची गाळणी धू आणि एकेक बेअरिंग कॅप खोलून पाहा. कॅप ज्या जागेची, ज्या बाजूने होती, तशीच परत बसली पाहिजे, तेव्हा खोलण्यापूर्वी खुणा कर. गाडीखाली जाताना जॅकवर किंवा विटांवर विसंबू नकोस, लोखंडी स्टँडच लाव.

चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल व ऑइलचे मिश्रण दोन-दोन चमचे सोड आणि तीन-चार दिवस थांब. त्यानंतर पुढच्या पुलीचा नट पान्याने, रोज थोडा, फिरवून बघ. अडले तर पान्याला पाइप लावून जोर करू नकोस. इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण (टॅपेट कव्हर) उघडून एखादा व्हॉल्व्ह जाम आहे का ते पाहा. 1089 सीसीचे हे इंजिन साधे आणि सोशिक आहे, पण पिस्टनची गंजलेली रिंग जोराने तुटते आणि सिलिंडरला ओरखडा पाडते.

डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची फट सुमारे 0.45 मिमी, प्लगची 0.6 मिमी आणि सिलिंडर पेटण्याचा क्रम (फायरिंग ऑर्डर) 1-3-4-2, एवढे इग्निशनचे पुरे.

पेट्रोलकडे मात्र नीट लक्ष दे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याकडच्या उसापासूनही ते बनते, तरी या गाडीचे जुने रबर त्यासाठी घडवलेले नाही आणि इथेनॉल हवेतला ओलावाही ओढून घेते. सगळे होज (रबरी नळ्या) आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (पडदा) इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घाल. पहिल्या वेळी जुनी टाकी जोडूच नकोस, वेगळ्या डब्यातून पेट्रोल दे आणि आग विझवण्याचे सिलिंडर हाताशी ठेव.

हे सारे झाल्यावर प्लग काढलेल्या स्थितीतच, दहा-दहा सेकंद, ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारायचा. त्या दिवशी मी मिरजेहून येईन. तोवर बॅटरी विकत घेऊ नकोस आणि चेंबर उतरवलेस की गाळणीचा फोटो मला पाठव.

तुझा,
काका