मोहिमेच्या नोंदी ब्राउझरमध्ये नेताना: आधी कुणाला काय दिसणार ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नांदेडच्या तुम्हा तिघा मित्रांनी रोलप्लेइंग खेळाच्या (पात्रे वठवत, बैठकांतून पुढे सरकणाऱ्या) मोहिमेतील पात्रे, ठिकाणे आणि सेशनच्या नोंदी सांभाळणारा विंडोजवरचा प्रोग्रॅम तयार केला आहे, आणि खेळाडूंना मोबाईलवरही तो पाहता यावा म्हणून आता त्याची ब्राउझर आवृत्ती करायची आहे, त्यासाठी रिअ‍ॅक्ट घ्यावे की व्ह्यू (दोन्ही वेबपाने बांधण्याची साधने), आणि सर्व्हर कुठे ठेवावा. या दोन्हींची उत्तरे शेवटी देतो, कारण त्यांवर फारसे काही अवलंबून नाही.

तुमच्या सध्याच्या प्रोग्रॅममध्ये एक गोष्ट न लिहिता गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे लॅपटॉप ज्याच्यासमोर तोच जीएम, म्हणजे खेळ चालवणारा गेम मास्टर. स्क्रीन त्याच्याकडे वळलेली असते, एवढ्यावरच सगळी गुपिते सुरक्षित राहतात. ब्राउझरमध्ये तीच माहिती पाच खेळाडूंच्या हाती जाणार असल्यामुळे ‘कुणाला काय दिसावे’ हा या कामाचा पाया ठरतो, आणि तो नंतर घालता येत नाही. नोंद दिसेल किंवा दिसणार नाही, एवढी सोय पुरत नाही. किल्लेदाराची एकच नोंद घ्या: त्याचे नाव आणि रूप सर्वांना ठाऊक आहे, त्याचा जुना गुन्हा फक्त एका खेळाडूला ठाऊक आहे, आणि तो शत्रूला फितूर आहे हे केवळ जीएमला. म्हणून दृश्यता परिच्छेदागणिक ठेवा, ‘फक्त जीएम’, ‘सर्व’ आणि ‘निवडक खेळाडू’ अशी. शिवाय तो परिच्छेद कोणत्या सेशनमध्ये उघड झाला, तेही साठवा. मागच्या खेपेस काय कळले होते, हा प्रश्न दर बैठकीला निघतोच.

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. छत्रपती संभाजीनगरला आमचा गट देवगिरीवर बेतलेली मोहीम खेळत होता आणि नोंदींसाठी मी घरीच एक वेबपान केले होते, ज्यात गुप्त मजकूर पाठवला जायचा, पण पडद्यावर लपवलेला असायचा. एका खेळाडूने एफ-१२ दाबून, म्हणजे पानाचा आतला मजकूर दाखवणारी ब्राउझरची खिडकी उघडून, तो सगळा वाचला. किल्ल्यातल्या ‘अंधेरी’ या भुयारात पाऊल टाकण्यापूर्वीच या गृहस्थाने दोर मागितला, तेव्हा मला उलगडा झाला. जे दाखवायचे नाही ते सर्व्हरवरून बाहेर पडताच कामा नये, आणि हा नियम शोधाच्या सूचनांना, दुव्यांच्या नावांना, सापडलेल्या नोंदींच्या संख्येलाही लागू आहे. नकाशाचेही तसेच: पूर्ण चित्र पाठवून त्यावर काळा थर टाकला तर ते चित्र खेळाडूच्या मोबाईलवर पोहोचलेलेच असते. सर्व्हरवर त्याचे चौकोनी तुकडे करा आणि उघड झालेले तेवढेच पाठवा. फाईलचे नावही ‘चोरदरवाजा’ असे ठेवू नका!

दुसरा प्रश्न जोडणीचा. आपल्याकडे उन्हाळ्यात ऐन लढाईत वीज जाते, राउटर बंद पडतो, आणि खेळ मोबाईलच्या हॉटस्पॉटवर रखडत चालतो. सर्व्हिस वर्करने (ब्राउझरमध्ये मागे चालणारा कोड) पाने आणि इंडेक्स्ड-डीबीत (ब्राउझरमधलाच डेटाबेस) नोंदी ठेवल्या तर काम चालू राहते. लोकल स्टोरेज हा ब्राउझरचा साधा साठा साधारण ५ एमबीपर्यंतच असल्यामुळे नकाशांच्या उपयोगाचे नाही. मात्र या साठ्यावर विसंबू नका. सफारी वापरात असूनही तुमच्या साईटला ७ दिवस हात लागला नाही, तर तो ब्राउझर तेथील असा साठा पुसतो. होम स्क्रीनवर बसवलेल्या ॲपला यातून सूट आहे. पंधरा दिवसांनी भेटणाऱ्या गटाला हे महागात पडेल. मूळ प्रत सर्व्हरवर असावी, आणि सगळी मोहीम साध्या मजकुराच्या फाईलींत उतरवून देणारे बटण पहिल्याच आवृत्तीत असावे.

एकाच वेळी दोघांनी बदल केले तर? हिट पॉइंटसाठी (पात्राची उरलेली ताकद) अंतिम आकडा न पाठवता ‘वजा ७’ ही घटना पाठवा, म्हणजे दोघांचे घाव जमेस धरले जातात. मजकुरासाठी एकाच वेळचे बदल जुळवणारी वायजेएससारखी लायब्ररी आहे, पण लिहिणारा बहुधा जीएम एकटाच असतो. परिच्छेदाला कुलूप आणि जुन्या प्रतींचा इतिहास सध्या पुरे.

तुमच्या प्रोग्रॅममधील नावांचे आपोआप दुवे मराठीत दगा देतील. ‘पहारेकरी’ या नावाची नोंद असली तरी मजकुरात ‘पहारेकऱ्याला’, ‘पहारेकऱ्यांनी’ असेच येते, ‘किल्ला’ तर ‘किल्ल्यात’ होतो, आणि पूर्ण शब्द जुळवणारा कोड दोन्ही सोडून देतो. त्यापेक्षा ‘@’ टाइप करून लिहिणाऱ्यालाच नोंद निवडू द्या, आत तिचा क्रमांक साठवा आणि दिसणारे रूप वेगळे ठेवा. त्यातही ‘ऱ्य’ काही कीबोर्ड ‘ऱ’ वापरून उमटवतात, तर काही ‘र’, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह जोडून. युनिकोडचे एनएफसी हे अक्षररूपे एकसारखी करणारे रूपांतर ‘ऱ’ची दोन रूपे एक करते, पण जॉइनरवाल्या रूपाला हात लावत नाही, शोधासाठी तो नियम स्वतः लिहावा लागेल.

नियमांच्या मजकुराबद्दल: डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा एसआरडी ५.१ हा नियमांचा खुला संच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्युशन ४.० परवान्याखाली आहे, त्यामुळे श्रेयनिर्देश करून तो घेता येतो. इतर पुस्तकांतला मजकूर त्यात येत नाही. नकाशावरची लढाई मात्र बनवू नका. रोल-२० ही साईट ते काम २०१२ पासून ब्राउझरमध्येच करत आहे, आणि तुमची ताकद नोंदींत आहे.

जुन्या फाईली आत घेणारा भाग सर्वांत आधी लिहा, आणि त्यातून आलेला प्रत्येक परिच्छेद ‘फक्त जीएम’ या खुणेसहच येऊ द्या. उघड काय करायचे ते जीएम सावकाश ठरवेल. रिअ‍ॅक्ट की व्ह्यू? तिघांपैकी दोघांना जे येते ते. सर्व्हर मुंबईतल्या डेटा सेंटरमधला, भाड्याचा, लहानात लहान घ्या. पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि वेबसॉकेट (सतत उघडी राहणारी जोडणी) चालले की तुमच्या गटाला तो पुरेल.