क्लार्क आणि कुलकर्णी

प्रिय मनू,

काल शाळेतून आल्या आल्या तू विचारलंस की आपलं आडनाव एवढं लांबलचक का, वर्गातल्या त्या क्लार्कसारखं छोटं का नाही आणि त्याचा अर्थ तरी काय. मी कुकर लावत होतो, नीट सांगता आलं नाही, म्हणून आता लिहितोय.

अगं, ही दोन्ही आडनावं एकाच कामावरून आलीत! क्लार्क म्हणजे ऑफिसातला क्लार्कच, इथे इंग्लंडमध्ये त्या शब्दाचा उच्चार अजून तसाच करतात, फक्त कामाच्या स्पेलिंगमध्ये ई लिहितात आणि आडनावात ए. मूळ शब्द लॅटिन, क्लेरिकस, चर्चचा माणूस, कारण तेव्हा लिहितावाचता येणारे बहुतेक चर्चचेच असायचे. मोठ्या पाद्र्यांना लग्न करता यायचं नाही पण खालच्या पायरीवरच्यांना यायचं, मग त्यांच्या मुलाबाळांना ते नाव चिकटलं. आणि वाचता येण्याची किंमत बघ केवढी, कोर्टात आरोपीने बायबलच्या 51 व्या स्तोत्राची सुरुवात वाचून दाखवली की त्याला क्लार्क, म्हणजे चर्चचा माणूस, धरायचे आणि फाशी टळायची. नाटककार बेन जॉन्सन 1598 मध्ये असाच सुटला, अंगठ्यावर डाग देऊन सोडला त्याला. ही सवलत पार 1827 पर्यंत होती.

आता आपलं. गावचा प्रमुख पाटील आणि लिहिणारा कुलकर्णी, कुणाची जमीन किती, शेतसारा किती भरला, सगळं मोडी लिपीत. पण लिहिणं पिढ्यानपिढ्या एकाच घरात राहिलं की ज्याला वाचता येत नाही त्या शेतकऱ्याने दाद कुठे मागायची? हेही तुला माहीत हवं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 मध्ये कुलकर्णी वतन, म्हणजे हा पिढीजात हक्क, बंद करून पगारी तलाठी नेमले आणि ते योग्यच केलं असं मला मनापासून वाटतं. मुंबई राज्यात ते 1950 च्या कायद्याने गेलं.

आजोबांच्या माळ्यावर लाल फडक्यात बांधलेले जुने कागद आहेत, आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिच्याखाली लिहीत जायची असं ते लिखाण. त्या गाठोड्याला दप्तर म्हणतात, हो, तू रोज पाठीवर नेतेस ना, तोच शब्द. जुलैत सुट्टी लागली की जाऊ तेव्हा सोडून बघू, आजोबांना आजच फोन करून सांगतो.

तुझा,
बाबा