नैराश्य विचारांमुळे येतं की परिस्थितीमुळे? मानसशास्त्र काय सांगतं?

मी मानसशास्त्रात एम.ए. केलंय, पण त्या क्षेत्रात कधी काम केलं नाही. परीक्षेत 'शिकलेली असहायता' यावर टीप लिहून मार्क मिळवले. ती कळली मात्र आठ वर्षांनी, नोकरी गेल्यावर, दुपारी चारपर्यंत अंथरुणात पडून राहायला लागलो तेव्हा.

नैराश्याबद्दल मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याचं म्हणणं असं की गमावलेल्या माणसावरचा राग माणूस स्वतःवरच उलटवतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आरन बेक हेच सिद्ध करायला निघाला होता. त्यासाठी त्याने रुग्णांची स्वप्नं तपासली, तर त्यांत रागापेक्षा हार आणि नुकसानच जास्त. तिथून त्याचा सिद्धांत निघाला: 'मी टाकाऊ, जग वाईट, पुढेही काही होणार नाही' या तीन चष्म्यांतून माणूस सगळं बघायला लागतो. माझे तिन्ही चष्मे चढलेले होते. पण ते नैराश्यामुळे चढले की त्यांच्यामुळे नैराश्य आलं, हे आतून कळत नाही.

परिस्थितीबद्दल विचाराल तर ब्राउन आणि हॅरिस या संशोधकांचं लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांवरचं काम (1978) बघा. मोठा आघात झाला तरी सगळ्याच बायका आजारी पडल्या नव्हत्या. ज्यांना मनातलं बोलायला जवळचं कुणी नव्हतं, घरात लहान मुलं तीन किंवा जास्त, बाहेर नोकरी नाही, अकरा वर्षांच्या आत आई गेलेली, त्यांना धोका जास्त होता. 'सकारात्मक विचार कर' म्हणणाऱ्यांना हे वाचायला द्यावं असं मला फार वाटतं.

आता ती असहायता. 1967 मध्ये सेलिगमन आणि मायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले (क्रूरच प्रयोग). काही कुत्र्यांना डोक्याने फळी दाबून झटका बंद करता यायचा, काहींना काहीच करता यायचं नाही. नंतर दोघांनाही अशा पेटीत ठेवलं, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका. पहिले उड्या मारून गेले. दुसऱ्यांपैकी बहुतेक तिथेच कण्हत पडून राहिले. आपल्या करण्याने काही बदलत नाही हे ते शिकले होते, असा त्यावरून सिद्धांत निघाला. मग नंतरच्या एका प्रयोगात अशाच कुत्र्यांना पट्ट्याने ओढत पलीकडे नेलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तेव्हा कुठे ते आपणहून जायला लागले.

गंमत म्हणजे 2016 मध्ये याच दोघांनी आपलाच सिद्धांत उलटा केला. लांबलेल्या त्रासात हातपाय गाळणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते 'माझ्या करण्याने काही बदलतं' हे.

मला ओढलं ते वहिनीने. रोज सकाळी सहाला दूध आणायचं काम लावलं, आणि पहिले काही दिवस खरंच दंडाला धरून जिन्यापर्यंत आणून सोडायची. मी पिशवी विसरायचो, ती वरून टाकायची. बरोबरीने डॉक्टरांच्या गोळ्याही चालू होत्या, त्यामुळे श्रेय कुणाला किती ते मला सांगता येणार नाही.

तुमच्या प्रश्नातलं 'की' मी तरी काढून टाकीन. प्रश्न स्वतःसाठी असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लावा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.