गच्चीवरचा सीओटू कोराडीचाच का?

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही मानकापूरला राहतो. पोरानं ऑनलाइन सीओटू (कार्बन डायऑक्साइड) मीटर मागवला, डिसेंबरात गच्चीवर ठेवला तर पहाटे ४९० अन दुपारी ४३० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग). हे कोराडीच्या कोळशाच्या वीज केंद्राच्या चिमण्यांचंच ना? सरळ मोजलं की झालं, मग शास्त्रज्ञ ते हवेचं मॉडेल कायले चालवतात?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : कोराडीले लगेच फासावर नका चढवू हो. थंडीच्या रात्री जमीन गार पडते, वर उबदार हवा झाकणासारखी बसते, अन तुमच्या गल्लीतला स्कूटरचा धूर, शेकोट्या, झाडांचा अन मातीचा रात्रीचा श्वास सगळं त्या झाकणाखाली कोंडतं. उंच चिमणीचा धूर तर कधीकधी झाकणाच्या वरूनच निघून जातो! दुपारी ऊन तापलं की झाकण उघडतं, तोच गॅस किलोमीटरभर उंचीत पसरतो, आकडा उतरतो. सोडणारे तेच, भांडं मोठं झालं बस.

अन त्यातलं आपलं किती? १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर सीओटू मोजायला सुरुवात झाली तेव्हा ३१५ पीपीएमच्या आसपास होतं, आता ४२० च्या वर गेलं. म्हणजे बहुतेक आकडा साऱ्या जगाचा, आपला हिस्सा वरच्या थोड्याशा चढउतारात. तो वेगळा काढायला ट्रान्सपोर्ट मॉडेल लागतं. हवेचे डबे पाडायचे, वाऱ्याची नोंद घालायची अन कोणत्या डब्यातून काय कुठं गेलं ते तासातासानं मोजत जायचं. गोव्याच्या केप रामाला १९९३ पासून हवेचे नमुने घेतले, तिथं पावसाळ्यात सीओटू कमी दिसतो. वाटेल घाट हिरवा झाला म्हणून, पण तेव्हा वारा अरबी समुद्रावरून, पार विषुववृत्ताखालून येतो, अन तिकडची हवाच मुळात कमी सीओटूची. नुसतं मीटर पाहून हे कसं कळणार?

मॉडेलही काही देव नाही बरं. जगभराच्या मॉडेलचा एक डबा शंभरेक किलोमीटरचा, त्यात कोराडी, बर्डीचा ट्रॅफिक अन पेंचचं जंगल एकत्र खिचडी! रात्रीचं झाकणही त्याले नीट जमत नाही, म्हणून सपाट भागातले आकडे ते बहुधा दुपारचेच घेतात. तुम्हीही दुपारी दोन-तीनचाच आकडा लिहा, सोबत वारा कुठून होता तेही, अन स्वस्त मीटर पन्नासेक पीपीएम इकडेतिकडे सहज दाखवतो हे पोराले सांगून ठेवा.